हाताचा भरवसा

मंगळवार पेठेत बादशहा मास्तरांकडे ब्लाउज शिवायला टाकला की बायका निर्धास्त असत. खरं तर माप घ्यायची ती मास्तरांची लेक नसरीन. खडूनं आखायची तीच, मशीनवर बसायची तीच. पण कापडाला कात्री लावायच्या आधी ती मान वळवून विचारायची, "अब्बा, कापू?" मग मास्तर कोपऱ्यातल्या स्टुलावरून उठायचे, टेबलावर वाकायचे, आखलेल्यावरून सावकाश बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "काप की." नसरीन पस्तिशीची झाली, दोन लेकरांची आई झाली, तरी हा रिवाज काही सुटला नाही. आत्मविश्वास वगैरे शब्द शाळेच्या गॅदरिंगला आलेल्या पाहुण्यांनी वापरायचे. मास्तरांच्या घरात त्याला हाताचा भरवसा म्हणत. आणि तो अब्बांच्या हाताला आहे, आपल्या नव्हे, अशी या शहाण्या बाईची पक्की समजूत होती.

त्या दिवशी सकाळी तिनं अब्बांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली आणि तिच्यावरच उखडले. "एवढा पिकेपर्यंत थांबलात? वर्षभर तरी यांना जवळचं काही धड दिसत नसणार." अब्बा घाईघाईनं छताकडे बघायला लागले. लबाडी पकडली गेली की ते नेहमी असंच कुठंतरी बघत बसत.

वर्षभर! नसरीनच्या डोळ्यांसमोरून वर्षभरातले सगळे ब्लाउज सरकले. ऑपरेशन नीट झाल्याचं कळल्यावर ती दुकानात आली, तर पायरीवर गडमुडशिंगी गावची पूर्णिमा पिशवी पोटाशी धरून बसलेली. रविवारी तिचं लग्न. पिशवीत तिच्या आईचा शालू होता. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, शालू घडीवर विरला होता, पदर तेवढा शाबूत होता.

"ताई, ह्याचाच ब्लाउज पाहिजे. नीट कापा हं, आईचं एवढंच ऱ्हायलंय," असं म्हणून, माप देऊन पूर्णिमा गेली. दुसऱ्या दिवशी ती घालून बघायला येणार होती.

नसरीननं पदर टेबलावर पसरला, आखला, कात्री उचलली आणि परत खाली ठेवली. चुकलं तर जोडायला दुसरा तुकडा नव्हता, आणि आईचा पदर काही बाजारात मिळत नाही. कोपऱ्यातलं स्टूल रिकामं होतं. अब्बांचा असा राग आला की तिनं सरळ दवाखान्यात फोन लावला.

पलीकडे शेजारच्या खाटेवरचे कुणी पाहुणे मोठ्या आवाजात आपल्या उसाची हकिकत सांगत होते. त्यातून अब्बांचा आवाज आला, "बोल पोरी."

"अब्बा, तुमाला वर्सभर दिसत न्हवतं?"

"आता पट्टी काढली की दिसंल की."

"आन तरीबी तुमी बोट फिरवून काप म्हणत हुता? लोकांच्या लग्नातली कापडं ती!"

"कुणाचं बिघडलं?"

"निर्मलाकाकूंचा घट्ट झालता."

"निर्मलाबाई जाड झाल्यात. तुझ्या खडूचा काय दोष?"

एरवी ती हसली असती. आता तिला रडू फुटलं. "मी तुमच्या भरवशावर कापत हुते, अब्बा."

"नसरीन, चांगलं दिसत हुतं तवाबी मी कापडाकडं बघत न्हवतो."

"मग?"

"तुझं ऐकत हुतो. चुकलं असलं तर तू इचारतच न्हाईस. आपल्याशीच पुटपुटतीस, पुसतीस, परत आखतीस. मनाजोगतं झालं की मगच म्हणतीस, अब्बा, कापू. म्हंजे तवा ते बरोबरच असतंय. सोळा वर्सांत एकदाबी उलटं झालं न्हाय."

"मग मला सांगायचं न्हाय व्हय हे?"

"सांगितलं असतं तर तू इचारायची थांबली असतीस." मास्तरांचा आवाज बारीक झाला. "तू इचारलंस की मला बरं वाटायचं. दुकानात माझं तेवढंच काम उरलं हुतं."

नसरीनचा राग कुठल्या कुठं गेला. या म्हाताऱ्यावर आपला किती जीव आहे हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. तिनं ओढणीनं डोळे पुसले, फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या कडेला ठेवला आणि आखलेल्याकडे नीट पाहिलं. पूर्णिमाचा उजवा खांदा जरा उतरता होता. "हितं न्हाय," ती पुटपुटली. रेघ पुसली, अर्ध्या बोटानं खाली घेतली. पुन्हा पाहिलं. आता बरोबर होतं. खरंच बरोबर होतं, आणि ते कुणाला विचारावंसं तिला वाटलं नाही.

अब्बांनी फोन ठेवला नव्हता. तिनं पदरावर डावा तळहात सपाट ठेवला आणि कात्री चालवली. जरीच्या काठाशी जरा करकरली आणि सरळ पुढं गेली.

फोनमधून उसाची हकिकत पुन्हा रंगात आल्याचं ऐकू आलं, आणि त्या पाहुण्यांवर अब्बांचा दबका, पण चांगलाच खडसावणारा आवाज.

"ओ पावणं, जरा गप्प बसा की. मास्तर कापड कापाय लागल्यात."