खडीवरचं बाकडं

स्वीडनमधल्या ओवेर्बू गावात माणसं चिडली की आवाज चढत नाही, बिस्किटं कमी होतात. पाहुण्यासमोर कॉफीबरोबर सात प्रकारची बिस्किटं आली तर सगळं आलबेल. चार आली तर काहीतरी बिनसलंय. आणि नुसती कॉफी आली, तर पाहुण्यानं टोपी उचलून निमूट घरी जावं. जूनमधल्या त्या शनिवारी संध्याकाळी यूर्डिसच्या घरी रूनारला नुसती कॉफी मिळाली. तीही निवलेली.

यूर्डिस आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झाली आणि गावातल्या बंद पडलेल्या डेअरीत तिनं मोडक्या फर्निचरचा दवाखाना काढला. लोक घरातलं नकोसं झालेलं सामान तिच्याकडे आणून टाकत. ती सांधे सोडवी, जुना सरस खरवडी, नवा भरी, खड्डे पुट्टीनं बुजवी आणि वर जवसाच्या तेलातल्या रंगाचे हात देई. तिच्या हाताखालून गेलेली खुर्ची आपलं वय विसरून जाई. मग उन्हाळ्यात दर शनिवारी डेअरीच्या अंगणात गावाचा जुना बाजार भरे. तिथे नियम एकच: खडीवर ठेवलेलं सगळं विकाऊ, गवतावरचं नाही.

त्या वसंतात मात्र तिनं विकायचं काहीच हाती घेतलं नव्हतं. तिची मैत्रीण मायकेन नव्वदी ओलांडून वृद्धाश्रमात गेली होती. तिथे घरची एक वस्तू नेता येते. मायकेननं आपलं स्वयंपाकघरातलं बाकडं मागितलं. बैठकीचं झाकण उचललं की आत बिछाना, असलं जुनं लांबलचक बाकडं. आश्रमाच्या प्रमुख बाईंनी ते पाहिलं. एक पाय लुळा, रंगाचे पोपडे निघालेले. त्यांनी मान हलवली. मध्यउन्हाळ्याच्या सणापर्यंत धड करून आणा, नाहीतर त्या जागी आश्रमाचं कपाट येईल, असं त्यांनी गोड आवाजात सांगितलं. तेव्हापासून मायकेन आश्रमाच्या प्लास्टिकच्या खुर्चीत, बसस्टॉपवर बसावं तशी, मांडीवर पर्स घेऊन बसून होती. जेवायला बोलावलं की म्हणे, माझं बाकडं आलं की जेवीन. तिच्या कपड्यांची बॅगसुद्धा तिनं उघडली नव्हती.

म्हणून यूर्डिसनं जीव ओतला. लुळा पाय बदलला, बिजागऱ्या बदलल्या. बाकड्याच्या डाव्या हातावर एक खोलगट खळगा पडला होता, तोही तिनं पुट्टी भरून, घासून, असा नाहीसा केला की ती जागा तिची तिलाच बोटं फिरवून शोधावी लागे. वर हिरव्या रंगाचे तीन हात. जवसाचा रंग वाळायला ऊन आणि वारा लागतो, म्हणून शनिवारी सकाळी तिनं बाकडं अंगणात काढलं आणि मायकेनला बातमी द्यायला गेली.

परत आली तर अंगणात बाकडं नव्हतं. बाजाराचा खजिनदार रूनार होता.

"दोन पाय खडीवर होते, यूर्डिस," संध्याकाळी तिच्या घरी तो कॉफीच्या कपात बघत म्हणाला.

"आणि दोन गवतावर."

"हो. म्हणून मी टेप लावून मोजलं. मोठा भाग खडीवर येत होता. बाजाराच्या कमिटीला विचारलं. कोणाची हरकत नव्हती."

"ते मायकेनचं आहे, हे कमिटीला माहीत नव्हतं?"

"सगळ्यांना माहीत होतं," रूनार म्हणाला. "पण ते आपलं मत झालं. खडी ही वस्तुस्थिती आहे."

यूर्डिसनं त्याच्यासमोरून साखरही उचलली.

बाकडं घेतलं होतं कास्परनं. हा स्टॉकहोमहून आलेला गडी. त्यानं गावातली बंद शाळा विकत घेऊन तिथे जुन्या सामानाचं दुकान थाटलं होतं. दाढी राखलेली, बुटांवर रंगाचे शिंतोडे. ते त्यानं मुद्दाम उडवलेत असा गावाला संशय होता. त्याच्याकडे जाऊन मागणं म्हणजे मागणं झालं, आणि मागणं यूर्डिसच्या रक्तात नव्हतं. रूनारनं जाऊन सोडवावं, कमिटीनं सोडवावं, निदान कोणाला तरी लाज वाटावी, म्हणून ती वाट बघत बसली. कमिटीनं विषय पुढच्या सभेवर ठेवला. सण उद्यावर आला तेव्हा ती ताटातलं वाटाण्याचं सूप तसंच सोडून उठली आणि शाळेकडे निघाली.

शाळेच्या पडवीत कास्पर साखळीनं बाकड्याला झोडपत होता.

कडांवरचा हिरवा रंग खरवडून काढला होता, पाठीवर चरे पाडले होते. बाकड्याच्या डाव्या हातावर साखळी बरोबर पुट्टीवर पडली होती आणि यूर्डिसची सगळी कारागिरी खाली सांडली होती, ब्रेडचा चुरा सांडावा तशी.

"हे काय चाललंय?"

"जरा जीव आणतोय गं त्यात," कास्पर प्रेमानं म्हणाला. "फारच गुळगुळीत होतं. कुणी त्यावर कधी बसलंच नाही असं वाटायचं. कुठल्या खाटकानं रंगवलं होतं कुणास ठाऊक."

खाटकानं आपली ओळख करून दिली.

कास्परचा चेहरा पडला. मायकेनची हकिकत ऐकून तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं साखळी खाली टाकली आणि म्हणाला, घेऊन जा, आत्ताच्या आत्ता, काही द्यायचं नाही. हे तिला साखळीपेक्षा जास्त लागलं. ओवेर्बूत फुकट घेतलं की आभार मानावे लागतात, पुढच्या भेटीत मागच्या भेटीचे आभार मानावे लागतात, आणि हे दोघांपैकी एक जण मरेपर्यंत चालतं.

"फुकट नको," ती म्हणाली. "काम सांग."

कास्पर थोडा घुटमळला. त्याच्या शाळेत शनिवारी वर्ग चालत. शहरातले लोक यायचे, नवं फर्निचर जुनं कसं करायचं ते शिकायला.

"एक वर्ग तू घेशील? वस्तू जुनी कशी होते, एवढंच सांगायचं."

"मी जन्मभर उलटं करत आले."

"म्हणूनच," कास्पर म्हणाला.

तिनं होकार दिला, ओठ न उघडता.

दुसऱ्या दिवशी रूनारनं गाडीला ट्रेलर जोडला आणि दोघं बाकडं घेऊन आश्रमात गेली. पुन्हा रंगवायला वेळ नव्हता. यूर्डिसनं त्यावर घोंगडी पांघरली होती, प्रेतावर घालतात तशी. प्रमुख बाईंनी घोंगडी बाजूला केली. या वसंतात रंगाचे पोपडे बघून नाक मुरडणाऱ्या याच बाई.

"अय्या, किती सुंदर झिजलंय," त्या म्हणाल्या. "हल्ली असलंच चालतं."

यूर्डिसनं रूनारकडे पाहिलं. रूनारनं खिडकीकडे पाहिलं.

मायकेनला आता धूसर दिसायचं. तिनं हिरव्या रंगाची चौकशीही केली नाही. ती सावकाश डाव्या टोकाला बसली, मग कोपर बाकड्याच्या हातावर ठेवलं, आणि ते कोपर अलगद त्या खळग्यात जाऊन विसावलं. साठ वर्षं दुधाच्या गाडीची, मुलांची, नवऱ्याची वाट बघत तिनं तिथे कोपर टेकलं होतं. तिनं मांडीवरची पर्स खाली ठेवली.

"बरं केलंस, यूर्डिस," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तू नेहमीसारखं भरून टाकशील."

पाय यूर्डिसनं बदलला होता, बिजागऱ्या तिच्या होत्या, आणि शाबासकी मिळाली ती शहरी माणसाच्या साखळीच्या एका फटक्याची. रूनार जोरात खोकला. मायकेन मात्र त्या दुपारी मासा, बटाटे आणि स्ट्रॉबेरी असं सगळं जेवली आणि तिनं बॅग उघडली.

शनिवारी शाळेच्या पडवीत शहरातली मंडळी साखळ्या, हातोड्या, पॉलिशपेपर घेऊन हजर होती. यूर्डिसनं डेअरीतून चांगल्या मजबूत खुर्च्या आणल्या होत्या. तिनं साखळ्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या आणि प्रत्येकाला एक खुर्ची दाखवली.

"बसा."

सगळे बसले. बराच वेळ गेला. एका बाईनं विचारलं, पुढे काय करायचं.

"हेच. कोपर टेका, कुणाची तरी वाट बघा. चाळीस वर्षांनी खुर्ची घेऊन या, झिजली का ते मी बघते."

यूर्डिसनं कॉफी ओतली. राग दिसावा म्हणून तिनं एकही बिस्कीट आणलं नव्हतं. कास्पर डोळे पुसत तिच्याजवळ आला. सगळे म्हणतायत असा वर्ग कधी झाला नव्हता, त्यानं कानात सांगितलं, पुढच्या शनिवारची नावंसुद्धा भरली. आणि बिस्किटं न ठेवण्याची तिची कल्पना तर लोकांना फार भिडली.