घरच्या माणसाचा एक्स-रे

बाहेरच्या प्रत्येक पेशंटच्या दाताचे डॉक्टर दोन एक्स-रे काढत. एक समोरून, एक जरा तिरका. सख्ख्या बहिणीचा त्यांनी एकच काढला.

"कशाला उगाच किरणं अंगावर घ्यायची," असं ते तेव्हा म्हणाले होते, आणि मनापासून म्हणाले होते. ताईला त्यांनी दुपारी बोलावलं होतं, दवाखाना जेवणासाठी बंद असताना. नंबर लावणं नाही, ताटकळणं नाही. दात खालचा, सुळ्याच्या लगेच मागचा. या दाताला बहुतेकांच्या तोंडात एकच मूळ असतं आणि मुळात एकच नळी. नळीतली नस काढायची, नळी धुऊन साफ करायची, भरून बंद करायची. असे दात डॉक्टरांच्या हातांना पाठ झाले होते. ताईचा दात एका बैठकीत उरकला. तिने बधिर गाल चाचपला आणि म्हणाली, "झालंसुद्धा? तुझ्या हाताला गुण आहे हो."

गुण आला नाही.

दुखणं आरडाओरडा करण्याजोगं नव्हतं. गरम लागलं की आत खोल कुठेतरी कळ यायची आणि जरा वेळाने विरायची. ताईचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. उसवलेल्या शिवणी, आखूड करायच्या विजारी, बिघडलेल्या चेन. दोरा ती त्याच बाजूच्या दातांनी तोडायची, आणि तोडताना कळ थेट मस्तकात जायची.

"नसच काढली, तर दुखणार कसं? ताई, तो दात मेलाय."

"मग सांग ना मेल्याला, गप्प पड म्हणून."

डॉक्टरांनी दात ठोकून पाहिला, जुना एक्स-रे पुन्हा डोळ्यांसमोर धरला, सगळं ठीक आहे म्हणाले. ती पुन्हा आली तेव्हा त्यांनी एक्स-रेही बाहेर काढला नाही. "सारखी जीभ तिथे नेऊ नकोस. विचार सोड त्याचा." मग एकदा घरची सगळी जेवायला जमली असताना त्यांनी जाहीर केलं, "ताईच्या दाताचं भूत झालंय." पानावरचे सगळे हसले. ताईही हसली. त्यानंतर तिने दाताचं नाव काढलं नाही, आणि डॉक्टरांनी दुखणं थांबलं असं धरून टाकलं.

पुढे तिच्या गळ्यात नाडीला बांधलेली छोटी कात्री दिसू लागली. "काय थाट आहे!" असं डॉक्टर म्हणालेही. आता दोरा दातांनी का तोडत नाहीस, हे त्यांनी विचारलं नाही.

काही वर्षांनी ताईची मुलगी रूट कॅनलचंच पुढचं शिक्षण घेऊन परत आली आणि मामाच्या दवाखान्यात शेजारच्या खोलीत बसू लागली. आई एकाच बाजूने चावते, हे तिने पहिल्याच आठवड्यात हेरलं. ताई म्हणाली, सवय आहे. मग एके दिवशी गाल सुजला, तेव्हा मुलीने तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं. नवे एक्स-रे काढले, दोन. जुना शोधून शेजारी लावला आणि मामाला बोलावलं.

"मामा, नळी इथपर्यंत ठसठशीत दिसते. मग अर्ध्यातच कुठे गेली?"

"जुना आहे गं तो. फिका आलाय."

"फिका असता तर मूळही फिकं आलं असतं."

नळी अशी मध्येच पुसट होते तेव्हा ती संपलेली नसते, तिला तिथे फाटे फुटलेले असतात. दोन बारीक नळ्या, एकीमागे एक, म्हणून समोरून वेगळ्या दिसत नाहीत. एक्स-रे तिरका घेतला की दिसतात. हे भाचीला ठाऊक होतं तसं डॉक्टरांनाही होतं. बाहेरच्यांच्या दातांत त्यांनी अशा नळ्या कितीदा तरी शोधून भरल्या होत्या. ताईची एक भरली होती. दुसरीतली नस आत सडत राहिली.

भाचीने दात पुन्हा उघडला. भिंगाखाली बराच वेळ चाचपल्यावर जिभेच्या बाजूला, खोलवर, दुसरीचं तोंड सापडलं. तिने ती साफ केली, औषध घातलं, वाट पाहिली. सूज उतरली. दात मात्र हलायला लागला. मुळाभोवतीचं हाड विरून गेलं होतं, आणि महिने गेले तरी ते भरून येईना.

"आई, नाही वाचायचा हा," ती शेवटी म्हणाली. "जरा आधी आली असतीस तर..."

"आले होते," ताई म्हणाली. तिने भावाकडे पाहिलं नाही.

डॉक्टर दाराशीच उभे होते. "दुपारी ये ताई," ते म्हणाले. "गर्दी नसते तेव्हा. मी काढतो."

"तूच काढ. पण दुपारी नको. मी नंबर लावून येईन, बाहेरच्यांसारखी."

ती तशीच आली. बाकावर दोन अनोळखी माणसांच्या मध्ये कात्री गळ्यात घालून बसली. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "अहो, तुम्ही जा की आत." ताईने मान हलवली. तिची पाळी आली तेव्हा ती उठली, खुर्चीत टेकली आणि भावाला म्हणाली, "दात काढ, पण दात काढू नकोस."

त्यांना हसू आलं नाही. त्यांनी दोन एक्स-रे काढले. भाचीने त्यांच्याकडे पाहिलं. आता एक्स-रेचा उपयोग नव्हता, हे तिघांनाही माहीत होतं.

दात सहज निघाला. डॉक्टरांनी तो दिव्याखाली धरून फिरवला. अर्ध्यापर्यंत एक मूळ, आणि त्याच्या खाली दोन टोकं.

ताईच्या तोंडात कापसाचा बोळा होता. तिने दोन बोटं वर केली आणि भुवया उंचावल्या.

"हो ताई. दोन."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिने आता चार शब्द सुनवावेत, मेल्या म्हणावं, काहीही म्हणावं, अशी त्यांची इच्छा होती. पण बोळा दाबून धर, अर्धा तास बोलू नकोस, हे त्यांनीच आत्ता सांगितलं होतं. ताई सांगितलेलं ऐकणारी होती. तिने हात पुढे केला. त्यांनी दात धुऊन, कागदात गुंडाळून तिच्या तळहातावर ठेवला. ती उठली आणि बाहेर जाऊन बाकावर बसली.

"पुढचे," बाहेरून हाक आली.