पाण्याचा गट

तिने काचपट्टी काढली, कोपऱ्यातला क्रमांक नाकाशी धरून पुन्हा वाचला आणि पट्टी परत भिंगाखाली सरकवली. चित्र तेच. कोनाकोनांच्या, पापुद्र्यांसारख्या मोठ्या पेशी काचभर विखुरलेल्या. मादीचं चक्र सुरळीत चालू असलं आणि बीज सुटायची वेळ आली, की अशा पेशी दिसतात.

इथे त्या दिसायला नको होत्या. ही मादी पाण्याच्या गटातली होती.

प्रयोग तसा सरळ होता. प्राणीघरातल्या उंदीर माद्यांचं चक्र आधी औषध देऊन बंद पाडलेलं. अंडाशयाच्या ज्या विकारात बायकांची पाळी महिनोन्महिने येत नाही, त्याचीच ही नक्कल. मग अर्ध्या माद्यांना एका वेलीच्या मुळांचा अर्क आणि उरलेल्यांना नुसतं पाणी. अर्कवाल्या सुधारल्या आणि पाणीवाल्या तशाच राहिल्या, तरच तो अर्काचा गुण.

अर्कवाल्या सुधारल्या होत्या. त्यांच्या पट्ट्या तिने रोजच्या रोज पाहिल्या होत्या, समोरचा चहा गार होऊ देऊन. पाणीवाल्यांच्या मात्र रंगवून पेटीत ठेवून दिल्या होत्या. त्यात काय बघायचंय, बघू सावकाश. उद्या तिच्या मार्गदर्शक मॅडम सगळ्यांसमोर निष्कर्ष मांडणार म्हणून आज ती पेटी उघडली होती.

तिने दुसरी पट्टी लावली. मग तिसरी. मग पेटीतल्या उरलेल्या, एकेक करून.

"चेहरा का असा?" शेजारच्या टेबलावरून दाढीने विचारलं. हे त्याचं प्रयोगशाळेतलं टोपणनाव. तो तिच्याबरोबरच संशोधनाला लागलेला; दाढी त्याच्याही आधीपासून तिथे होती असं सगळे म्हणत.

"हा पाण्याचा गट आहे. बघ."

तो वाकला. बराच वेळ वर आला नाही.

"पट्ट्यांची अदलाबदल झाली असेल."

"पेटीभर?"

"मग पाण्याचं पेटंट घे." तो हसला.

ती उठून प्राणीघरात गेली. तोही मागोमाग आला. दार उघडताच तो उग्र दर्प आला. इतके दिवस येत होता, पण नाकाला सवय झाली होती. माद्यांच्या मांडणीसमोर दुसरी मांडणी उभी होती. त्यात गलेलठ्ठ नर निवांत पसरलेले.

"तुझे नर इथे कधी आले रे?"

"आमच्या खोलीचा एसी बिघडला तेव्हा. तू अर्क सुरू केलास त्याच आठवड्यात. तूच म्हणालीस, ठेव, जागा आहे. चार दिवसांसाठी म्हणून..." बोलता बोलता तो थांबला. नरांच्या नुसत्या वासानेही माद्यांचं थांबलेलं चक्र सुरू होऊ शकतं, हे प्राणीघरात पाऊल टाकायच्या आधी दोघांनाही शिकवलेलं होतं.

"म्हणजे अर्काने झालं की यांच्यामुळे..."

"कळायला मार्ग नाही."

"मॅडमना सांगायला मी येतो बरोबर. एकटी शिव्या खाऊ नकोस."

"मॅडमचं नंतर," ती म्हणाली आणि कोट खुंटीला न लावता तसाच खुर्चीवर टाकून बाहेर पडली.

जिन्यातच फोन वाजला.

"तुझी बिनपिंजऱ्याची उंदरीण बोलतेय," ताई म्हणाली. आवाज हलका, धाप लागल्यासारखा. "आत्ताच्या आत्ता ये. फोनवर नाही सांगणार."

पहिल्या सुधारलेल्या पट्ट्या दिसल्या त्याच आठवड्यात तिने उरलेल्या अर्काची तपकिरी बाटली, तोच विकार असलेल्या ताईच्या हातात ठेवली होती. ताईच्या वजनाचा हिशेब करून चमचा ठरवून दिला होता. डॉक्टरांच्या गोळ्यांनी मळमळतं, असं ताई म्हणाली, तेव्हा "मग राहू देत सध्या" हेही तीच बोलली होती. पुढच्या महिन्यात ताईला पाळी आली होती. त्याच्या पुढच्याही. दोघी फोनवर लहान मुलींसारख्या हसल्या होत्या.

ताईने बेल वाजायच्या आतच दार उघडलं. तिचे हात ओले होते. स्वयंपाकघरात नळ चालू होता, बाटली ओट्यावरच होती, तळाशी बोटभर अर्क उरलेला.

"आज सकाळी घेतलास?"

"घेतला की. एकदाही चुकवला नाही. तुझे उंदीर तरी इतके गुणी आहेत का?" ताईने तिला दंडाला धरून बेसिनपाशी नेलं. काठावर, टिश्यूच्या घडीवर, एक पांढरी पट्टी ठेवलेली होती. "दिवस वर गेलेत गं माझे. तुझ्या भावोजींनाही नाही सांगितलं अजून. मला दुसरी रेघ दिसतेय की उगाच भास होतोय, काही कळत नाही. तू बघ. दिवसभर तेच तर करतेस, बारीक बघायचं."

तिने पट्टी उचलली. सवयीने हात उजेडाकडे वळला.

एकच रेघ असली, तर ताईचं चक्र पुन्हा थांबलं, आणि तिच्या गोळ्या धाकटीच्या शब्दावर सुटलेल्या. दोन असल्या, तर... गाभण मादीला हा अर्क देऊन कुणी पाहिलाच नव्हता. ते काम पुढच्या वर्षी ठरलं होतं.

भिंगाखाली डोळा लावताना काय दिसायला हवं, हे तिला नेहमी ठाऊक असायचं. आज नव्हतं.

"सांग ना! जीव काय घेतेस?"

तिने डोळे पट्टीवर नेले नाहीत. ती टिश्यूवर उपडी ठेवली आणि वर हात ठेवला.

"रेघ मग बघू, ताई. आधी मला पाण्याच्या गटाबद्दल सांगायचंय."

"कसलं पाणी?" ताई हसतच म्हणाली. मग तिने बहिणीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

आत जाऊन ताईने नळ बंद केला, हात पुसले आणि ओट्यावरची बाटली उचलून दोघींच्या मधे आणून ठेवली.

"बोल," ती म्हणाली.