मानाचा रोडगा

प्रतिमाचा जळफळाट सकाळपासूनच चालला होता, आणि त्यात आपलं काही चुकतंय असं निदान तिला तरी वाटत नव्हतं.

अमडापूरजवळच्या त्यांच्या शेतात दर माघात सगळी भावकी जमायची. पुण्याची, अकोल्याची, खामगावची, साठ-सत्तर माणसं सहज व्हायची. धुऱ्यावरच्या, शेताच्या बांधावरच्या मुंजाबाला पहिला रोडगा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला कणकेचा जाड गोळा, चढायचा आणि तो फोडून घास घास सगळ्यांना वाटल्याशिवाय पंगत बसायची नाही. हा मानाचा रोडगा इतकी वर्षं सासूबाई, झुंबरबाई करत आल्या. यंदा त्यांचे हात थरथरायला लागले. आता मान थोरल्या सुनेचा, म्हणजे प्रतिमाचाच, यात शंका असायचं कारण काय होतं? बावीस वर्षं गोवऱ्या कोण थापत होतं?

आणि झुंबरबाई सरळ म्हणाल्या, "रेवतीले करू द्या औंदा. वर्सातून एक दिवस येते बिचारी."

बिचारी म्हणे! धाकटी जाऊ पुण्याहून गाडीतून उतरली, पोरींना बांगड्या वाटल्या, की झाली सगळ्यांची लाडकी. सासूबाईंच्या पायांना रोज तेल चोळणारी मात्र कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

"हाव, करू द्या नं," प्रतिमा म्हणाली आणि वांगी चिरायला बसली.

रेवतीनं तेल लावत पारीवर पारी चढवून रोडगा मोठा सुरेख वळला. तेही प्रतिमाला बघवलं नाही. मग परात घेऊन रेवती गोवऱ्या रचून पेटवलेल्या जगऱ्यापाशी आली. "ताई, घालू का आता?"

वर राख दिसत होती, पण खालच्या गोवऱ्या अजून धडधडून पेटलेल्या होत्या. जाळ पुरता बसल्याशिवाय रोडगा घालायचा नसतो, नाहीतर वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. या घरातलं शेंबडं पोरही हे सांगेल. रेवतीला कुठून ठाऊक असणार?

"घाल की," प्रतिमा म्हणाली.

दुपारी मुंजाबासमोर प्रतिमाच्या नवऱ्यानं, वैजनाथनं, रोडगा फोडला. आतून ओलं पीठ निघालं.

"अवं माय! जाळावरच घातला काय?" झुंबरबाईंनी कपाळावर हात मारला. "कोनं सांगतलं तुले?"

रेवतीनं प्रतिमाकडे एकदाच पाहिलं, डोळ्याला डोळा भिडवून. तिला सगळं कळलं होतं.

"कुणी नाही, आई. ताई थांब म्हणत होत्या, मीच घाई केली."

"पाहा, किती मोठं मन हाय पोरीचं!" सिंधूताई, दोघी जावांची नणंद, लगेच कौतुकाला धावल्या. "दुसरी असती तं दुसऱ्यावर ढकललं असतं."

"जाऊ द्या," झुंबरबाई म्हणाल्या. "प्रतिमा, तू कर आता दुसरा. अन् पुढच्या सालापासून बी तूच करत जा."

अख्ख्या भावकीसमोर मान मिळाला! प्रतिमानं परात पुढे ओढली. खरं सांगून मोकळं व्हावं असं क्षणभर तिला वाटलंही. पण मग या लोकांनी रेवतीला डोक्यावरच घेतलं असतं.

"तेल दे," एवढंच ती म्हणाली.

रेवतीनं वाटी पुढे केली. आता दर माघात प्रतिमा जो रोडगा करणार होती, त्याचा मान रेवतीनं दिलेला असणार होता, आणि त्या मेलीला एका शब्दानं नाव ठेवायचीही सोय उरली नव्हती.