बिनउंबऱ्याचं घर

वायरिंगच्या ठिणगीने मावशीचं घर जळालं आणि ते पुन्हा उभं करायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. मी गवंडी, तिचा एकुलता एक भाचा. दुसऱ्या कुणी त्या विटांना हात लावला असता तर मी भांडायला गेलो असतो.

मावशीला वीस वर्षांपासून दिसत नाही. तरी त्या तीन खोल्यांत ती एकटी राहायची, स्वतःचं रांधून खायची आणि वर मलाच ऐकवायची, "तुला डोळे असून मिठाचा डबा सापडत नाही." आगीनंतरचे चार महिने माझ्याकडे मात्र ती भिंतीकडे तोंड करून बसून असायची. एकच बोलणं. "जसं होतं तसं बांध हं, शहाण्या."

"हो गं," मी म्हणायचो.

तिची लेक दूर राहते. तिने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की नव्या घरात आईला एकटीला वावरता आलं तर ठीक, नाहीतर ती तिला तिकडच्या वृद्धाश्रमात ठेवणार. ती आणि तिचा नवरा दिवसभर कामावर. तिचंही काही चुकत नव्हतं.

म्हणून मी जीव ओतला. भिंती जुन्याच जागी, दारं जुन्याच जागी. फक्त एक सुधारणा केली. जुन्या घरात प्रत्येक दाराला उंबरा होता, स्वयंपाकघरात खडबडीत दगड, मधल्या खोलीत झिजलेलं सिमेंट. म्हातारं माणूस अडखळून पडलं म्हणजे? मी सगळे उंबरे काढले आणि घरभर एकसारखी सपाट फरशी टाकली. काम बघून स्वतःवरच खूश झालो. मावशीला विचारावं असं एकदाही डोक्यात आलं नाही.

रविवारी तिची लेक आली. मावशी अनवाणी आत शिरली, चार पावलं चालली आणि थांबली. पाय घासून पाहिला.

"मधली खोली कुठं सुरू झाली रे?"

"उंबरे काढलेत, मावशी. तू पडशील म्हणून."

ती चहा टाकते म्हणाली आणि भिंत चाचपत निघाली. आम्ही मागे गेलो तर ती न्हाणीघरात उभी, नळावरून हात फिरवत विचारत होती, "काडेपेटी कुठं ठेवलीस?"

"मी उद्याच फरशी फोडतो," मी बहिणीला म्हणालो. "उंबरे घालतो, दगड आणतो. आठ दिवस दे."

"तो दगड तिच्या पायांना ओळखीचा व्हायला किती वर्षं लागतील, दादा?"



"नको फोडूस," मावशी म्हणाली. ती तिथेच खाली बसली आणि फरशीवर तळवा फिरवू लागली. "काम छान केलंयस." त्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग ती म्हणाली, "आग लागली तेव्हा धुरामुळे कुणी आत येईना. मी माझी चालत बाहेर आले होते." तिने हात पुढे केला. "आता मला बाहेर ने."

मी तिचा हात धरून चालू लागलो. पुढच्या दारालाही मी उंबरा ठेवला नव्हता, तीच फरशी अंगणापर्यंत नेली होती. अंगणात आलो तरी ती जपून पाऊल टाकत राहिली, आणि आपण बाहेर आलोय हे मला तिला सांगावं लागलं.