उजेडाबाहेरचं मोजा

मी एक जुनी, लहान दीर्घिका आहे. ताऱ्यांची छोटीशी वस्ती. मित्रांनो, मला लहान म्हणा, राग नाही. पण 'संपत आली' म्हणाल तर ऐकून घेणार नाही!

थंड वायू दाटला आणि त्यातून माझे तारे पेटले. त्यातले मोठे तारे फुटले की धक्क्याने माझाच वायू बाहेर उधळतो. माझी गुरुत्वाची ओढ कमी, सगळा धरून ठेवता येत नाही. कौतुक झालं ते थोराड दीर्घिकांचं. मी म्हणजे धूसर डाग. मग काही विद्वानांनी माझ्या उजेडाच्या आतला वायू तेवढा मोजला आणि निकाल देऊन टाकला: असेच तारे घडवत राहिली तर लवकरच विझेल. अरे, पण बाहेर कोण बघणार? माझ्याभोवती दूरवर हायड्रोजन पसरलाय, डोळ्यांना न दिसणारा. तो हळूहळू आत उतरतो आणि मी पुन्हा पेटते. रेडिओ दुर्बिणी माझ्यावर रोखल्या, तेव्हा कुठे त्यांना तो कळला.

चामोर्शीपलीकडे जंगलातल्या एका शाळेत शिकवणाऱ्या रंजीताबाईंनी माझा फोटो भिंतीवर लावलाय. एवढ्या लांबून मला तिथलं ऐकू कसं येतं, ते विचारू नका. गोष्ट माझी आहे.

मोहफुलांच्या दिवसांत एका सकाळी तिथे साहेब आले. शाळा ठेवायची की बंद करायची, ते ठरवायला. वर्गात मोजकी पोरं.

"संपली ही शाळा," साहेब म्हणाले.

"सर, या फोटोतल्या दीर्घिकेलेबी लोक असंच म्हणत होते," रंजीताबाई म्हणाल्या.

"त्या फोटोत पोरं बसवलीत का, बाई?" साहेब हसले.

तेवढ्यात बुधरी टोपली घेऊन आली. तिची पोरगी याच शाळेत शिकते.

"काऊन जी साहेब, पहाटे मोहा पडते, तं पोट्टे तो वेचाले झाडाखाली जातीन का इथी बसतीन? ऊन चढलं का येतात. बसा ना जी."

"मला वेळ नाही."

"मंग शाळा बंद कराले कुठून आणला टाइम?"

साहेब गाडीकडे निघाले. बुधरीने टोपली गाडीपुढे ठेवली आणि तिथेच बसली. ऊन चढलं. मग झाडांतून पोरं निघाली, दोन इकडून, चार तिकडून, हातांना मोहाचा वास. ओसरी भरली, तरी येतच होती. साहेबांनी चष्मा पुसला आणि मोजणी पहिल्यापासून सुरू केली.

शाळा चालू आहे.

मित्रांनो, कुणाला संपलं म्हणण्याआधी त्याच्याकडे येणाऱ्या वाटा बघा. आणि त्या अडवू नका. माझं म्हणाल, तर आताही नवा वायू आत उतरतोय. बघत बसा, पेटतेच पुन्हा!