पंधरा दिवसांचं कुलूप

सरकार बदलणार हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. सरकारलाही माहीत असावं, कारण महिनाभरापासून रस्त्यावरचे दिवे वेळेवर लागत होते.

गल्ली एका भिंतीपाशी संपते. भिंतीत एका वेळी एक माणूस जाईल एवढं लोखंडी गेट आहे आणि गेटापलीकडे बसथांबा आणि हॉस्पिटल. चार वर्षांपूर्वी पाण्याच्या पाइपचं काम निघालं, तेव्हा गेटाला कुलूप लागलं आणि शेजारी पाटी लागली: ‘पंधरा दिवस बंद. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ काम नऊ दिवसांत उरकलं. खड्डा बुजला, त्यावर गवत उगवलं, दिलगिरी मात्र तशीच राहिली. नगरपालिका म्हणाली, कुलूप पाणी खात्याचं. पाणी खातं म्हणालं, गेट नगरपालिकेचं. किल्ली एका साहेबांकडे होती आणि साहेबांची बदली झाली होती. तेव्हापासून गल्ली शाळेच्या मैदानाला वळसा घालून बसथांब्यावर जाते. वळसा वीस मिनिटांचा, जाऊन-येऊन चाळीस.

कुलूप कुणी तोडलं नाही. सरकारी कुलूप आपण तोडलं तर गुन्हा आणि दुसऱ्याने तोडलं तर सोय, यावर गल्लीचं एकमत होतं. तो दुसरा कोण, यावर नव्हतं.

या वळशाच्या ऐन कोपऱ्यावर घड्याळवाल्याचं दुकान आहे. चार फूट रुंद, पुढे काच, आत एक डुगडुगणारं स्टूल आणि भिंतीवर एकवीस घड्याळं, एकवीस वेळा दाखवणारी. गेट उघडं होतं तेव्हा या कोपऱ्यावर फक्त कुत्री थांबत. गेट बंद झालं आणि अख्खी गल्ली दुकानावरून जाऊ लागली. आता ज्या माणसाला रोज उशीर होतो, त्याला पहिला संशय घड्याळाचा येतो. कुणी सेल बदलून घेई, कुणी पट्टा. चष्म्याची दांडी, सुटकेसचं कुलूप, हरवलेल्या किल्लीची जोडकिल्ली, सगळं तो करायचा. चार वर्षं दुकान बरं चाललं.

त्याची बायको हॉस्पिटलात नर्स. गल्ली तिला सिस्टर म्हणते, तोही म्हणतो. सकाळची पाळी संपवून वळशाने घरी येताना ती अडीचच्या सुमाराला दुकानाशी थांबायची. गणवेशावर छातीशी घड्याळ टाचलेलं असूनही काचेतून विचारायची, “किती वाजले हो?” तो एकवीस घड्याळांकडे बघून तिच्या घड्याळातली वेळ सांगायचा. एवढं झालं की ती पुढे जायची. पाय दुखत असले तर जरा हळू.

मतदानाला अठरा दिवस असताना भावी फॉर्म घेऊन आला. भावी हे त्याचं नाव नव्हे. बारा वर्षं प्रत्येक फलकावर त्याच्या फोटोखाली ‘भावी नगरसेवक’ असं लिहिलेलं असायचं, त्यातलं नगरसेवक लोकांनी गाळलं आणि भावी ठेवलं. या खेपेला मात्र वारं त्याच्या पक्षाच्या बाजूने होतं. त्याची चालही बदलली होती. तो आता रस्त्याच्या मधून चालायचा.

“एक घर, एक अपेक्षा,” त्याने फॉर्म काउंटरवर ठेवला. “नवीन सरकारकडून तुमच्या घराची काय अपेक्षा, ती एका ओळीत लिहायची. खाली कुटुंबप्रमुखाची सही.”

“एकच का?”

“दादा, गेल्या वेळी लोकांनी पानंच्या पानं लिहून दिली. वाचायलाच पाच वर्षं गेली. एक असली की करायला सोपी.”

“आणि एका घरात दोन असल्या तर?”

“तो घरगुती प्रश्न झाला. त्यात पक्ष पडत नाही.” भावीने पिशवीतला गठ्ठा थोपटला. “तुमच्या गल्लीने तसं काम सोपंच केलंय. एकूणएक फॉर्मवर ‘गेट उघडावे’. सत्ता आली की पहिल्या दिवशी फीत कापून उघडतो की नाही बघा.”

खरं होतं. शिवणकाम करणाऱ्या काकूंना गेट उघडायला हवं होतं, कारण पलीकडची गिऱ्हाइकं यायची बंद झाली होती. समोरच्या घरमालकाला हवं होतं, कारण ‘हॉस्पिटलपासून पाच मिनिटं’ असं जाहिरातीत लिहिता आलं की भाडं वाढणार होतं. त्याच्या भाडेकरूलाही हवं होतं, भाडं वाढणार हे त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं. निवृत्त पोस्टमनकाकांना सगळ्यात जास्त हवं होतं. त्यांचा मुलगा दोन थांब्यांवर राहतो आणि दीड-दोन महिन्यांतून एकदा येतो. “त्याचं काय आहे,” काका म्हणायचे, “तो निघतो हो, पण गेट आठवलं की कंटाळतो.” नवीन सरकार आल्यावर मुलगा दर रविवारी येणार, असं काका धरून चालले होते. पक्षाच्या जाहीरनाम्यात तसं नव्हतं, पण जाहीरनामा वाचला होता कुणी?

घड्याळवाल्याने फॉर्म घडी करून खिशात ठेवला आणि घरी नेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली दाबला. तिथे तो चार दिवस राहिला.

“लिहा की,” सिस्टर रोज म्हणायची. “दोन शब्द तर आहेत.”

“लिहितो.”

अडचण दोन शब्दांची नव्हती. दोन वर्षांपूर्वी पाणी खात्याचा एक कारकून दुकानात आला होता. तक्रारी फार झाल्या म्हणून साहेबांनी त्याला पाठवलं होतं: किल्ली सापडत नाही, कुलूप उघडून घ्या. घड्याळवाला त्याच्याबरोबर गेटापर्यंत गेला, डोळ्याला भिंग लावलं आणि कुलपात वाकून पाहिलं. कुलूप साधं होतं. तेलाचे दोन थेंब आणि दोन वाकड्या तारा, दीड मिनिटाचं काम. तो पाच मिनिटं पाहत राहिला आणि म्हणाला, “हे उघडणार नाही. आतून गंजलंय.” तोडायला लेखी हुकूम लागत होता. कारकुनाने परत जाऊन फाइलवर शेरा मारला: ‘तज्ज्ञांच्या मते कुलूप उघडणे अशक्य.’ फाइल बंद झाली. घड्याळवाल्याला तज्ज्ञ म्हणणारं आजवर ते एकच खातं.

पाचव्या दिवशी दुपारी सिस्टर घरी आली, बादलीत कोमट पाणी घेतलं आणि त्यात पाय सोडून बसली. तिच्या मागोमाग तोही जेवायला घरी आला. तिच्या घोट्यांना सूज होती. त्याने बरणी उचलली, फॉर्म काढला, पेनचं टोपण काढलं, परत लावलं.

“एक सांगायचं होतं,” तो म्हणाला.

“सांगा.”

“ते कुलूप. ते उघडतं. मी तेव्हा त्या कारकुनाला नाही म्हणून सांगितलं.”

सिस्टरने एक पाय बाहेर काढून टॉवेलवर ठेवला. “माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“तो कारकून आमच्या वॉर्डात होता. पित्ताशय काढलं त्याचं. मी इंजेक्शन देत होते तर म्हणाला, तुमचे मिस्टर म्हणजे मोठे तज्ज्ञ, नुसतं बघून सांगितलं की उघडणार नाही.” तिने दुसरा पाय काढला. “तुम्हाला न उघडणारं कुलूप मी तरी पाहिलेलं नाही.”

“म्हणजे दोन वर्षं तुला…”

“दीड. पित्ताशय नंतर काढलं.”

त्याने पेन फॉर्मवर ठेवलं. मग म्हणाला, “बोलली नाहीस कधी.”

“काय बोलायचं? दुकान चालत होतं. दुकान चाललेलं मलाही हवंच होतं की.” ती पाय पुसत होती. “आणि रोज अडीच वाजता तुम्ही काच पुसत उभे असायचात. मला वाटायचं, आज सांगतील. मग तुम्ही वेळ सांगायचात.”

“मग आता?”

“आता काय, नवीन सरकार येतंय ना? ते उघडेल. तुम्ही फक्त लिहून द्या.” तिने बादली उचलली आणि मोरीत ओतली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं, कारण मग त्यालाही चढवता आला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती चपला घालत होती, तेव्हा तो शर्ट घालून दारात उभा होता. हातात तेलाची कुपी.

“कुठे निघालात?”

“चल.”

दीड मिनिटही लागलं नाही. कुलूप खटकन सुटलं, जसं काही चार वर्षं कुणी विचारायचीच वाट बघत होतं. गेट मात्र हटून बसलं होतं, त्याला खांदा लावावा लागला. सिस्टर पलीकडे गेली. चार पावलांवर थांबून तिने टाचलेलं घड्याळ उलटं धरून पाहिलं. “आता वीस मिनिटं करू काय तिथे जाऊन?” ती म्हणाली आणि हॉस्पिटलकडे चालू लागली.

दहा वाजेपर्यंत अर्धी गल्ली गेटातून दोनदा जाऊन आली होती. ज्यांना कुठे जायचं नव्हतं तेही जाऊन आले. संध्याकाळी भिंतीवर सत्तेतल्या पक्षाचा फलक लागला: ‘वचनपूर्ती’. रात्री उशिरा कधीतरी त्याच्या शेजारी भावीचा लागला: ‘आमच्या दणक्याने प्रशासनाला जाग’. कुलूप कुणी उघडलं हे कुणी विचारलं नाही. जो तो ते आपल्या फॉर्ममुळे उघडलं असं समजून होता, आणि फॉर्म तर अजून भावीच्या पिशवीतच होते.

पोस्टमनकाका रविवारी दाढी करून गेटाशी खुर्ची टाकून बसले. दुपारी मुलाचा फोन आला. “येतोच म्हणाला,” काकांनी सगळ्यांना सांगितलं. “फक्त निकाल लागू दे म्हणाला, सध्या वातावरण गरम आहे.” आणि त्यांनी खुर्ची उचलली.

वळशाच्या कोपऱ्यावर पुन्हा कुत्री थांबू लागली. घड्याळवाल्याने तीन दिवसांत एक पट्टा बदलला, तोही स्वतःच्या घड्याळाचा. एकवीस घड्याळं मात्र त्याने बरोबर लावली. इतकी वर्षं गिऱ्हाइकांमुळे वेळ मिळाला नव्हता. अडीच वाजता तो सवयीने काच पुसायचा. काचेपलीकडे कुणी नसायचं, कारण त्या वेळी सिस्टर घरी पोचून चहा टाकत असायची.

मंगळवारी भावी आला. स्टुलावर बसला, स्टूल डुगडुगलं, तो सावरला. पिशवीतून एक नवं कोरं कुलूप काढून त्याने काउंटरवर ठेवलं.

“दादा, हे गेटाला बसवून द्या.”

“का रे?”

“शनिवारी आमचे साहेब येतायत गल्लीत. भाषण गेटावर आहे. छापून आलंय, सोळा पानी. त्यातली अकरा पानं गेटावर.” त्याने आवाज खाली आणला. “आता गेटच उघडं म्हटल्यावर साहेब बोलणार काय? आणि मतदार तरी कशाला येतील? काकू परवा मला म्हणतात, फॉर्म परत दे, आता काय लिहू ते विचार करून सांगते. विचार करायला लागल्यावर कसं चालेल?”

“मग?”

“निकालापर्यंतच हो. पंधरा दिवस. आम्ही आलो की पहिल्या दिवशी उघडतो.”

घड्याळवाल्याने कुलूप हातात घेतलं. चांगलं होतं, वजनदार.

“तुमच्याही भल्याचंच आहे,” भावी दुकानभर नजर फिरवून म्हणाला. “इथे माशी फिरकत नाहीये. आल्यापासून बघतोय.”

हे खोटं नव्हतं. घड्याळवाल्याने भिंग डोळ्याला लावलं आणि कुलपात वाकून पाहू लागला. भिंतीवर एकवीस घड्याळं एकसाथ टिकटिकत होती. बरोबर लावल्यामुळे त्यांचा आवाज आता मोठा वाटायचा. पाच मिनिटांनी त्याने भिंग काढलं.

“हे लागणार नाही,” तो म्हणाला.

भावीने कुलूप घेतलं आणि दाबलं. खटकन लागलं. “लागलं की.”

“हातात लागेल. गेटाला लागणार नाही.”

“असं कसं?”

“पाणी खात्यात विचार. मी तज्ज्ञ आहे, फाइलवर लिहिलंय.”

भावीने कुलूप परत काउंटरवर ठेवलं. बारा वर्षं भावी राहिलेल्या माणसाला नकार ओळखायला वेळ लागत नाही. “मी दुसऱ्याकडून बसवून घेईन,” तो म्हणाला.

“घे. मीच परत उघडीन. दीड मिनिट लागतं.”

“मग साहेबांना काय सांगू?”

घड्याळवाल्याने पावतीपुस्तक ओढलं आणि लिहिलं. वस्तू: कुलूप, नवीन. तक्रार: लागत नाही. तयार: निकालानंतर. पावती फाडून त्याने भावीच्या हातात दिली आणि कुलूप खणात टाकलं. “सांग, दुरुस्तीला दिलंय.”

भावीने पावती दोनदा वाचली, खिशात ठेवली आणि निघाला. दारातून वळून म्हणाला, “तुमचा फॉर्म राहिलाय.”

“आमच्या घरात अजून ठरत नाहीये.”

तो गेला तेव्हा अडीच वाजले होते. घड्याळवाला फडकं घेऊन उठला आणि काचेपलीकडे सिस्टर उभी होती, गणवेशात.

“किती वाजले हो?”

“अडीच. गेट उघडं नाही का?”

“उघडं आहे.” ती आत येऊन स्टुलावर बसली आणि पायातल्या चपला काढल्या. “सकाळची वीस मिनिटं झोपले. दुपारची वीस माझी आहेत, कुठेही घालवीन.”

त्याने एका जुन्या पावतीची घडी करून स्टुलाच्या आखूड पायाखाली सारली आणि पुन्हा काच पुसायला लागला.